हिगाशी-कसाईतले जर्मन अधिकारी

जर्मन अधिकाऱ्यांचा मला पहिल्या तालमीपासून राग होता. त्यांच्या हुकूमशहाचा राग साऱ्या जगाला आहे, त्यात माझं वेगळं काही नाही. माझा राग होता तो ऐन युद्धात त्या हुकूमशहाला उडवायला निघालेल्या, त्याच्याच लष्करातल्या अधिकाऱ्यांवर. हेतू चांगला, धाडस मोठं, आणि तयारी इतकी कच्ची की मी तिथे असते तर पहिल्या बैठकीतच निम्म्यांना घरी पाठवलं असतं.

हे अधिकारी माझ्या आयुष्यात आले ते आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमामुळे. टोकियोच्या हिगाशी-कसाईत राहून मला चौदा वर्षं झाली, आणि त्यातली नऊ वर्षं मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम माझ्या याद्यांवर चालतो. काय लागणार, कोण आणणार, कधीपर्यंत आणणार. या तीन रकान्यांत न बसणारी गोष्ट मी सहसा हाती घेत नाही. नवरा म्हणतो, आपल्या लग्नाचीही तू अशी यादी केली असशील. केली आहे. त्याला दाखवलेली नाही.

त्या वर्षी एकांकिका लिहिली ती साहेबांनी. साहेब म्हणजे एका बँकेच्या टोकियो शाखेतले अधिकारी, वय बावन्न. बायको-मुलं दोन वर्षांपूर्वीच ठाण्याला परतली होती आणि साहेबांचीही बदली आली होती. कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात त्यांचं विमान होतं. सहा वर्षांत या माणसाने मंडळात खुर्च्या मांडल्या, पताका लावल्या, उरलेला चिवडा डब्यांत भरला, पण तोंडाने म्हणून काही मागितलं नाही. यंदा येऊन म्हणाले, “वहिनी, मी एक नाटुकलं लिहिलंय. जर्मन अधिकाऱ्यांच्या कटावर. जमेल का?”

“कोण-कोण लागेल आणि किती मिनिटं?” मी विचारलं. मराठी मंडळाच्या दिवाळीत जर्मन लोक कशासाठी, हा प्रश्न मला नंतर सुचला.

शनिवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत तालमी सुरू झाल्या. साहेब स्वतः मुख्य अधिकारी. आमच्या चौथ्या मजल्यावरची माझी मैत्रीण, शिकलेली दातांची डॉक्टर, ती लष्करी मुख्यालयातली टेलिफोनवाली. पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी करणारा एक तिशीतला मुलगा सत्तरीचा सेनापती झाला होता. शिवाय दोन इंजिनियर किरकोळ अधिकारी. गणवेश म्हणून सगळ्यांनी एकाच दुकानातून राखाडी रेनकोट घेतले आणि वरून पट्टे बांधले. चिन्हं वगैरे काही नाही, ते मी आधीच बजावलं होतं.

मी कोपऱ्यात स्टॉपवॉच घेऊन बसायचे आणि मला राहवायचं नाही.

“ज्याला एकच हात, त्यालाही तीनच बोटं, त्यालाच बॉम्ब जोडायला का दिला?”

“ताई, हुकूमशहाच्या बैठकीत जायची मुभा त्यालाच होती,” सेनापती म्हणाला.

“बरं. मग दोन बॉम्ब नेले होते ना? दुसरा बॅगेत का नाही टाकला?”

“घाई झाली.”

“घाई का झाली? उठायला उशीर?”

“जोडत असताना कुणीतरी दारात आलं, ताई.”

“दाराला कडी नव्हती?”

साहेब हसत-हसत खुर्चीवर बसायचे. पुढची हकीकत तर मला ऐकवतच नव्हती. बॅग टेबलाच्या जाडजूड पायाच्या पलीकडे सरकवली गेली आणि हुकूमशहा वाचला, ते एक वेळ दैव म्हणू. पण तिकडे राजधानीतली मंडळी नक्की काय झालं ते कळेना म्हणून तासन्‌तास बसून राहिली. सैन्याला आदेश पाठवायचे, तर त्यावर गुप्ततेचा शिक्का मारला, म्हणून ते पाठवायची परवानगी संदेश पाठवणाऱ्या बायकांपैकी मोजक्याच जणींना. बाकीच्या रिकाम्या हातांनी बघत बसल्या. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, नव्या सरकारात कोण काय होणार याच्या याद्या करून ठेवल्या आणि त्या पोलिसांना सापडल्या.

“वहिनी, याद्या करणाऱ्यांना तुम्ही तरी नावं ठेवू नका,” साहेब म्हणाले.

“यादी करण्याबद्दल नाही बोलत मी. ती ठेवली कुठे, त्याबद्दल बोलतेय.”

वॉर्डाच्या ज्या सभागृहात कार्यक्रम होता, तिथे आणायच्या वस्तूंची यादी जपानीत आगाऊ द्यावी लागते. मी लिहिलं, “चामडी बॅग, रिकामी, एक.”

“अगं, आत बॉम्ब आहे,” टेलिफोनवाली म्हणाली.

“आत माझा जुना जेवणाचा डबा आहे. तो रिकामाच आहे.”

शिवाय सभागृहाच्या खालच्या मजल्यावर कार्यक्रमाच्या वेळीच सुलेखनाचा वर्ग असायचा, तेव्हा आवाज करायची सोय नव्हती. मग आम्ही स्फोटही बिनआवाजी बसवला. दिवे जायचे, आणि जर्मन अधिकारी एकेक करून, तोंडाने अजिबात आवाज न करता, हळूच गाद्यांवर पडायचे. सेनापती पडताना गुडघा आधी टेकवायचा आणि मग आडवा व्हायचा, अगदी दुपारी घटकाभर पडल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टेलिफोनवाली हसून-हसून बाहेर जाऊन बसली होती.

मग मी वेळ मोजली. नाटकाला तीस मिनिटं दिली होती आणि ते अडतीस चाललं होतं. पाच वाजता सभागृह झाडून-पुसून, खुर्च्या लावून, किल्लीसकट परत द्यायचं असतं. आठ मिनिटं कापायची होती, आणि कुठून ते मला लगेच दिसलं. शेवटचा प्रवेश. कट फसतो, अधिकारी पकडले जातात, खरं तर तिथेच नाटक संपतं. पण साहेबांनी त्यानंतर गोष्ट वर्षभर मागे नेली होती: एका खोलीत तीन अधिकारी बसलेत. प्रत्येकाने देवाला स्मरून त्या एका माणसाशी एकनिष्ठ राहायची शपथ घेतलेली आहे. ती मोडायची की नाही, एवढंच बोलतात. बॅग नाही, टेलिफोन नाही, कुणी आत येत नाही, बाहेर जात नाही.

“यात काही घडतच नाही,” मी म्हटलं.

“वहिनी, हे लोक काही संत नव्हते,” साहेब म्हणाले. “वर्षानुवर्षं त्याच्याच हुकमावर चालले होते. पदकं घेतली होती. काय-काय चाललंय ते बघितलं होतं. असा माणूस एके दिवशी नाही म्हणायचं ठरवतो, ते कसं, हे सांगायला हा प्रवेश आहे. नाहीतर उरते ती नुसती बॅग.”

“आठ मिनिटं आहेत साहेब.”

“बरं,” ते म्हणाले. पानांची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मी तो प्रवेश दोनदा ऐकला होता. पण दोन्ही वेळा हातात स्टॉपवॉच होतं, म्हणजे ऐकला नव्हताच.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी मेट्रोने ऑफिसला चालले होते. नाटकाच्या कामांची एक फाईल मी सगळ्यांना उघडून दिली होती आणि तिच्यात कुणी काही बदल केला की रोज सकाळी मला त्याचा गोषवारा मेलने येतो, अशी व्यवस्था केली होती. ही व्यवस्था मी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्या सकाळी गोषवाऱ्यात एक नवं पान दिसलं. नाव होतं ‘पुरवठा २’. ते लपवलेलं होतं. पण फाईल माझी. मी ते उघडलं.

पहिली ओळ: ‘शपथेचा प्रवेश करायचाच. ताईंना कळता कामा नये.’

त्यांनी माझ्याविरुद्ध कट केला होता, आणि तो माझ्याच फाईलमध्ये, माझ्याच तीन रकान्यांत भरला होता! काय, कोण, कधीपर्यंत. वर आणखी चौथा रकाना, ‘सद्यःस्थिती’. दुसरी ओळ: ‘दिव्यांवर बसणाऱ्याला वळवणे. कोण: सेनापती. स्थिती: नेमावाशी पूर्ण.’ बैठकीआधी एकेकाला गाठून त्याचा होकार पदरात पाडून घेण्याची ही जपानी ऑफिसांतली रीत. पोरांनी ती थेट बंडाला लावली होती. तिसरी ओळ: ‘शेवटच्या प्रवेशाआधी ताईंना काहीतरी निमित्ताने खाली पाठवणे. कोण:’ आणि पुढे रिकामं. एवढ्या जर्मन अधिकाऱ्यांत हे काम घ्यायला एकही तयार नव्हता. चौथी ओळ: ‘धोका: ताई. उपाय: ?’

मी हसले ते भर मेट्रोत मोठ्याने. त्या डब्यात इतकी शांतता असते की समोरच्या बाईने फोनवरून नजर न उचलताही मला पाहिलं हे कळलं. मी रुमाल तोंडावर धरला, खोकल्याचं नाटक केलं, आणि रुमालाआड पुन्हा हसले. मी स्वतःला कष्टाळू, उपयोगी, सगळ्यांना हवीहवीशी बाई समजत होते, आणि इथे माझ्या नावापुढे ‘उपाय: ?’ असं लिहिलेलं.

शेवटच्या ओळीत कारण लिहिलं होतं. ‘साहेब पुढच्या आठवड्यात चालले. सहा वर्षांत ही एकच गोष्ट मागितली.’

ती वाचून हसू थांबलं. मग त्या कटाकडे पुन्हा नीट पाहिलं आणि मला राहवेना. किती भोकं होती त्यात! आठ मिनिटं येणार कुठून, याची ओळच नव्हती. शिवाय पावणेपाचला सभागृहाचे कान्रिनिन-सान, म्हणजे इमारतीची देखरेख करणारे गृहस्थ, झाडलोट सुरू झाली का ते बघायला येतात. त्यांना कोण थोपवणार? पुन्हा तेच, पुन्हा जर्मन तयारी! मी अंगठ्याने ओळी घालायला सुरुवात केली. ‘अध्यक्षांचं मनोगत दहा मिनिटांवरून दोनवर आणणे. कोण: ताई.’ ‘कान्रिनिन-सानना जिन्यात गाठणे. कोण: ताई.’ मग तिसऱ्या ओळीतली ती रिकामी जागा, ताईंना खाली कोण पाठवणार, तिथेही लिहिलं: ‘ताई’. आणि चौथ्या ओळीतलं प्रश्नचिन्ह खोडून टाकलं.

संध्याकाळपर्यंत कुणी ब्र काढला नाही. बदल कुणी केला ते फाईलमध्ये दिसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. रात्री जेवायच्या आधी पाहिलं, तर माझ्या सगळ्या ओळी कुणीतरी हिरव्या केल्या होत्या. बस, एवढंच. शनिवारच्या तालमीत मी आले, तर सेनापतीने उठून खुर्ची दिली, टेलिफोनवालीने चहा दिला. शपथेच्या प्रवेशाबद्दल चकार शब्द नाही. मीही मख्ख चेहऱ्याने म्हटलं, “तीस मिनिटांत संपवायचं हं.” “हो ताई,” सगळी पोरं एका सुरात म्हणाली, आणि टेलिफोनवाली तोंडात पदराऐवजी रेनकोटची बाही कोंबून भिंतीकडे वळली. साहेबांना यातलं किती ठाऊक होतं, मला अजून सांगता येणार नाही. ते पानं चाळत होते.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “जपून. तुझ्या खुर्चीखाली बॅग ठेवतील.”

“ठेवू देत. यादीत एकच बॅग आहे, आणि ती परत माझ्याचकडे यायचीये.”

कार्यक्रमाच्या दिवशी अध्यक्षांचं मनोगत खरोखर दोन मिनिटांत संपलं. मी पहिल्या रांगेत उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. पण छोट्या मुलांच्या नाचाला गाणं मध्येच अडकलं, मुलांनी जपानीत “पुन्हा, पुन्हा” असा गलका केला, आणि नाच पहिल्यापासून झाला. वाचवलेली मिनिटं तिथेच गेली. नाटक सुरू झालं तेव्हा चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. बिनआवाजी स्फोटाला असा हशा आला की साहेबांना थांबावं लागलं. चार अठ्ठेचाळीसला अधिकारी पकडले गेले, दिवे गेले, लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि दिवे परत आले तर तिघे जण खुर्च्यांवर बसलेले.

मी जिना उतरायला लागले. कान्रिनिन-सान टोपी घालून, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत होते. झाडू अजून खालच्या कपाटातच होते, म्हणजे झाडलोट सुरू नाही हे त्यांना कळलंच होतं.

जपानमध्ये एक सोय आहे. माफी मागणाऱ्या माणसाला मध्येच तोडता येत नाही. तो वाकला की तुम्हाला वाकावं लागतं. मी कमरेत वाकले आणि म्हटलं, “मोशिवाके गोझाइमासेन.” आज उशीर होतोय त्याबद्दल. ते वाकले. ते सरळ व्हायच्या आत मी पुन्हा वाकले. गेल्या वर्षी रांगोळीचा गुलाबी रंग फरशीच्या सांध्यात राहिला त्याबद्दल. त्याआधीच्या वर्षी बाटल्यांची बुचं न काढता त्या बाटल्यांच्याच पेटीत टाकल्या त्याबद्दल. गाद्यांच्या कपाटात चिवडा सापडला होता, त्याबद्दल. उदबत्तीच्या वासाची तक्रार सुलेखनाच्या वर्गाने केली होती, त्याबद्दल. नऊ वर्षांच्या तक्रारी माझ्या डोक्यात तारीखवार होत्या, आणि मी एकही सोडली नाही. ते प्रत्येक वेळी वाकत होते. मध्येच त्यांनीही, भिडेपोटी असेल, उन्हाळ्यात एसी बिघडला होता त्याची माफी मागितली. मग मला तीही स्वीकारावी लागली, परत वाकून. किल्ल्या खुळखुळत होत्या. वरून साहेबांचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. सेनापतीचं एक वाक्य तेवढं दारातून स्वच्छ खाली आलं. “आयुष्यात मी दिलेला शब्द एकदाही मोडला नाही. हा मोडला, तर उरतो कोण?” त्यावर साहेब काहीतरी म्हणाले. ते ऐकायला मी मान वळवली आणि तेवढ्यात कान्रिनिन-सान सरळ झाले, म्हणून मी घाईने वाकून, पाच वर्षांपूर्वी पणत्या विजेच्या आहेत असं सांगितलं होतं, त्या विजेच्या नव्हत्या, हे कबूल केलं.

ते मात्र वाकायचे थांबले. “विजेच्या नव्हत्या?”

“नव्हत्या.”

त्याच वेळी वर टाळ्यांचा आवाज झाला. मी घड्याळ पाहिलं. चार एकोणसाठ. आठ मिनिटं ठरली होती, साहेबांनी अकरा घेतली होती.

पुढची वीस मिनिटं सगळं मंडळ झाडत होतं, जर्मन अधिकारी रेनकोटासकट. त्यानंतर कान्रिनिन-सानच्या खिडकीशी मी फॉर्म भरायला बसले. उशीर किती: वीस मिनिटं. कारण: आणि पुढे बोटभर जागा. ते भले गृहस्थ. खिडकीतून हळूच म्हणाले, “बहुतेक लोक ‘आवरायला वेळ लागला’ असं लिहितात.”

तसं लिहिलं असतं तर नुसती समज मिळाली असती. मी पेन्सिल टेकवली. वर अकरा मिनिटं तिघे जण एकच प्रश्न चघळत बसले होते, आणि मी इथे आवराआवरीवर ढकलून मोकळी होणार? मी लिहिलं: ‘नाटक मोठं होतं. थांबवणं माझं काम होतं. मी थांबवलं नाही.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग रबर माझ्यासमोर ठेवलं. “जाणूनबुजून असेल तर सहा महिने आगाऊ नोंदणी बंद. सोडतीत नाव घालावं लागेल.”

“कळलं,” मी म्हटलं आणि रबर परत सरकवलं. त्यांनी शिक्का मारला. मारताना किंचित हसले असं मला वाटलं, पण पणत्यांमुळेही असेल.

बाहेर सायकलींच्या स्टँडजवळ सगळे जमले होते, अंधार पडून दिवे लागले होते. मी सांगितलं, सहा महिने सभागृह सोडतीत लागलं तरच. चूक कुणाची हेही सांगितलं. सेनापती म्हणाला, “ताई, फाईलमध्ये नवीन पान उघडू का? ‘सभागृह शोधणे’?”

“लपवून ठेवू नकोस. मला दिसतं.”

एकदम हशा झाला. टेलिफोनवालीने माझ्या गळ्यात हात टाकले. “अगं, तू जिन्यात नऊ वर्षांची पापं कबूल करत होतीस म्हणे! सुलेखनवाल्या बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या.”

साहेब बाजूला उभे होते, पट्टा काढून हातात गुंडाळत. “प्रवेश कसा झाला, वहिनी?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत? अख्ख्या मंडळाने पाहिला, मी सोडून. चित्रीकरण पाहते घरी.”

सेनापती घसा खाकरून म्हणाला, “ताई, कॅमेऱ्यावाल्याला तुमच्या यादीप्रमाणे अधिकाऱ्यांना अटक होईपर्यंतचंच सांगितलं होतं. त्याने तिथे बंद केला.”

कटात हे भोक मलाही दिसलं नव्हतं. मी हसायलाच लागले, इतकी की स्टँडचा दांडा धरावा लागला. माझं बघून सगळेच. एका आजींनी सायकलचं कुलूप काढता-काढता आमच्या रेनकोटांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि निघून गेल्या.

साहेबांनी पट्टा उलगडला आणि पुन्हा कमरेला बांधला. आतल्या खिशाला त्यांनी हातही लावला नाही.

“आठ मिनिटांचा करू, की पूर्ण?”

“पूर्ण,” मी म्हटलं.

टेलिफोनवालीने तीन सायकली बाजूला ओढून जागा केली. सेनापती चिवड्याच्या रिकाम्या डब्यावर बसला, पाठ ताठ केली, आणि सत्तर वर्षांचा झाला.